खाकी बदकं आणि चतुराबाईचा पहारा

चांदोरीच्या पुढे, गोदाकाठच्या एका मळ्यात चतुराबाई राहते. वय साठीच्या घरात, अंगानं काटक, आवाज बांधावरून बांधावर जाईल असा. आयुष्यात तिचा विश्वास कुणावर बसलेला नाही. भाजीवाली दारात आली की चतुराबाई आधी तिच्या तागडीच्या तळाला चिंच चिकटवलीय का ते बघते. डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय गिळत नाही, आणि दुसऱ्यानं ‘बरोबर आहेत’ म्हटलं की दोघांचं साटंलोटं असल्याची तिची खात्री पटते.

हे अगदीच उगाच नव्हतं. तिचा नवरा सहादू फार भोळा होता. त्यानं बाजारातून आणलेल्या तरण्या बैलाची काळीभोर शिंगं पहिल्याच सरीत धुऊन निघाली आणि खाली म्हातारा बैल सापडला. लासलगावच्या ओळखीच्या माणसाकडून लाल कांद्याचं बी आणलं, तर सगळ्या वावरात कांद्याऐवजी फुलांचे दांडे उभे राहिले. सहादू हसून सोडून द्यायचा. तो गेल्यावर हसणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा चतुराबाईनं सोडून देणंही बंद केलं.

या घरात तीन वर्षांपूर्वी योगिनी सून म्हणून आली. दिंडोरीकडची, बारावी शिकलेली, बोलायला थोडकी. हंगामात ती द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये घड निवडायला जायची. चतुराबाईचा मुलगा ज्ञानेश सातपूरला कारखान्यात पहिल्या पाळीला. पहाटे पाचला कंपनीची बस पकडायची, दुपारी येऊन झोपायचं आणि आई-बायकोच्या मधे कधी पडायचं नाही, एवढं त्याचं ठरलेलं. गेल्या उन्हाळ्यात योगिनीनं एक चार दिवसांचं प्रशिक्षण केलं आणि घरी येऊन सांगितलं, आपल्याकडं शेततळं आहे, मका आहे, तर अंड्यासाठी बदकं पाळू.

“शिकवायचे किती घेतले?” चतुराबाईनं विचारलं.

“काहीच नाही. फुकट होतं.”

“मंग नक्की काहीतरी गोम हाय.”

सिन्नरच्या बाजूला शेखर नावाच्या माणसाकडं बदकं मिळायची. एका रविवारी तिघंही तिथं गेली. पहिल्या कप्प्यात पांढरीशुभ्र, भरल्या अंगाची बदकं होती. चतुराबाई तिथंच थांबली. “हीच घ्या. बघा कशी घरंदाज दिसतात.”

“ती पेकिन, आत्याबाई,” योगिनी म्हणाली. “वजन लवकर धरतात. मटणाला चांगली, अंड्याला नाही.”

दुसऱ्या कप्प्यात तोंडावर लाल गाठी असलेली मस्कोव्ही होती. ती थोडकी अंडी देते आणि त्यावर खुडूक होऊन बसते, हे ऐकून चतुराबाईला ती आवडली. तिसऱ्यात मान ताठ करून उभ्यानं चालणारी रनर जातीची होती. अंड्याला ती बरी, पण भित्री. पानाचा आवाज झाला तरी सगळी एका कोपऱ्यात धावायची. चौथ्या कप्प्यात मातकट रंगाची, किडकिडीत, कुणाचं लक्षही जाऊ नये अशी बदकं होती. योगिनी त्यांच्यापुढं उकिडवी बसली.

“ही खाकी कॅम्पबेल. नीट सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी. खुडूक बसतच नाहीत, म्हणून अंडं देणं थांबत नाही.”

“अंड्यावर बसायचं नाव नाय, ती कसली मादी?” चतुराबाईनं नाक मुरडलं. मग ती वाकून बघायला लागली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. नांदूरच्या धरणावर हिवाळ्यात उतरतात ती रानबदकं तिनं लहानपणापासून पाहिली होती. रंग असाच मातकट. “अरे ज्ञानेश, ही तर धरणावरची रानबदकं! पंख छाटून इकतोय हा.”

शेखरनं कपाळाला हात लावला. “मावशी, रानबदकं विकली तर वनखातं मला आत टाकील.”

“बघ, कसा लगेच खात्याचं नाव घेतो,” असं म्हणत चतुराबाई कप्प्यात शिरली, एक बदक काखेत धरलं, दोन्ही पंख उलगडले आणि एकेक पीस तपासलं. एकही छाटलेलं नव्हतं. तिचं समाधान काही झालं नाही. शोधायचं कुठं, तेवढंच तिला ठाऊक नव्हतं.

योगिनीनं मात्र एकेक बदक उचललं आणि ते ओरडेपर्यंत थांबली. मादी मोठ्यानं ओरडते, नराचा आवाज घोगरा असतो आणि त्याच्या शेपटीवर एक पीस वर वळलेलं असतं, हे ती शिकून आली होती. बारा माद्या आणि दोन नर तिनं बाजूला काढले. तीन-तीन महिन्यांची ती बदकं पाटीत घालताना तिच्या तोंडावर जे हसू होतं, ते लग्नानंतर त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

ज्ञानेशनं आयुष्यात एकदाच बायकोच्या बाजूनं कौल दिला, आणि चतुराबाईनं तिथल्या तिथं अट घातली. दिवाळीपर्यंत रोज दहा अंडी दिसली तर घरात काय आणायचं ते पुढं योगिनी ठरवील. नाही दिसली तर बदकं बाजारात जातील, योगिनी पॅकहाऊसला जाईल आणि या घरात पुन्हा आपला शहाणपणा चालवणार नाही. “कबूल?” तिनं विचारलं. योगिनीनं मान डोलावली. तिच्या हातात आजवर या घरातली एकही गोष्ट नव्हती. ही पहिलीच होती.

पावसाळाभर बदकं वाढली. तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरतो, म्हणून योगिनीनं गोणपाटं एकाला एक शिवून काठावरून पाण्यात सोडली. त्यावरून बदकं उतरायची, चढायची. जुन्या गोठ्यात तिनं साळीचा पेंढा अंथरून त्यांचं खुराडं केलं. त्याला कुलूप मात्र चतुराबाईनं लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.

गणपती उठले आणि पहिलं अंडं सापडलं, हिरवट पांढरं, कोंबडीच्या अंड्याहून मोठं. त्या संध्याकाळी योगिनी म्हणाली, “आत्याबाई, आता अंड्यावर आली आहेत. सकाळी नऊच्या आत सोडायची नाहीत.”

“का म्हणून?”

“बदक सकाळीच अंडं देतं, आणि—”

“बरं बरं,” चतुराबाईनं तिला तोडलं. पुढचं ऐकायची तिला गरजच वाटली नाही. नऊला आपण मळ्यात असतो, ज्ञानेश कारखान्यात, आणि घरी ही एकटी. म्हणून हिला नऊ वाजायला हवेत! पन्नास वर्षं चतुराबाईनं कोंबड्या पाळल्या होत्या. कोंबडी उजाडायच्या आत सोडायची असते. ती चरते, उकिरडा उकरते आणि अंडं द्यायला आपण होऊन डालग्यात परत येते. कोंबड्या नऊपर्यंत कोंडल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला तिनं स्वतः कुलूप काढलं. बदकं आरडाओरडा करत सरळ तळ्याकडं पळाली. पेंढ्यात तीन अंडी होती. ती तिनं पदरात घेतली आणि पुन्हा कुलूप लावलं.

मग रोज हेच. कधी तीन, कधी चार, एखाद्या दिवशी दोन. योगिनीनं आणखी दोनदा सांगून पाहिलं. “मुकं जनावर नऊपर्यंत कोंडायचं? पाप लागंल,” एवढं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा ती बोलली नाही.

बारा माद्या आणि तीन अंडी. चतुराबाईनं पहिला संशय शेखरवर घेतला. हा माणूस दुसऱ्याच जातीची बदकं गळ्यात मारून बसला. तिनं ज्ञानेशला फोन लावायला लावून शेखरची अशी काही खरडपट्टी काढली, की तो बिचारा मोटारसायकलवर मळ्यात आला. त्यानं बदकं एकेक धरून शेपटीखालच्या हाडांमधे बोटं लावून पाहिली. “दोन-दोन, तीन-तीन बोटं जागा आहे. हात लावून बघा, मावशी.” कोंबडीची परीक्षा अशीच करतात, हे चतुराबाईला चांगलं ठाऊक होतं. तिनं बोटं लावली. खोटं काढायला जागा नव्हती.

“सगळी अंड्यावर आहेत,” शेखर म्हणाला. “अंडी देतातच. ती जातात कुठं तेवढं तुम्ही बघा.”

त्यानं हे सरळ मनानं सांगितलं होतं. आणखी एक वाक्य बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, पण शिव्या खाऊन आलेल्या माणसाला जास्त बोलायची हौस नव्हती. चतुराबाईनं त्याचे शब्द तोलून पाहिले. म्हणजे अंडी होतात आणि जातात. जातात म्हणजे कुणीतरी नेतं. ती डोळ्यांत तेल घालून पहारा करायला लागली.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी तिला तळ्याच्या कडेला एक अंडं तरंगताना दिसलं. फिकट, शेवाळ चढलेलं. ती दोन पावलं मागं सरली. पाण्यात टाकलेलं अंडं म्हणजे उतारा! कुणीतरी घरावरून ओवाळून आपल्या तळ्यात सोडलंय. बदकाचं अंडं बदकाच्या तळ्यात असण्याला दुसरं काही कारण असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण उताऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नसतो आणि तिकडं जास्त बघायचंही नसतं. लांब काठीनं तिनं ते अंडं बांधापलीकडं भिरकावलं, हातपाय धुतले आणि शेजारच्या रावजीकडं संशयानं पाहायला सुरुवात केली. रावजी हा सत्तरीचा माळकरी माणूस. जन्मात त्यानं अंड्याला हात लावला नव्हता. चतुराबाई सात दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

पुढं असंच आणखी एक दिसलं, मग आणखी एक. रावजी एवढ्या अंड्यांचा उतारा करील हे तिलाही पटेना. अंडी आपलीच आहेत, हे आता तिनं ओळखलं, पण ओळखून निष्कर्ष काढला तो भलताच. चोरणारं माणूस घरातलं आहे, रात्री आपल्या कमरेची किल्ली काढून घेत असणार. ते लपवून ठेवतं, नासली की गुपचूप पाण्यात टाकतं, आणि चांगली असतील ती बाहेर धाडतं. बाहेर म्हणजे कुठं? सुनेचं माहेर कुठं आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

भाऊबिजेला योगिनीचा थोरला भाऊ गोरक्ष तिला न्यायला आला. चांगला उंच, कामानं रापलेला माणूस, बहिणीच्या सासरी आवाज चढवू नये एवढं शिकलेला. चहा झाला. योगिनीनं पिशवी आणली. पिशवीत वर साड्या, खाली पत्र्याचा मोठा डबा होता.

“डब्यात काय हाय?” चतुराबाईनं विचारलं.

“करंज्या. आईला आवडतात.”

“बघू.”

 योगिनीनं डबा खाली ठेवला. चतुराबाईनं झाकण काढलं. वर करंज्याच होत्या. वर करंज्याच असणार, हे तिला ठाऊकच होतं. तिनं बाही सारली आणि हात तळापर्यंत घातला. करंज्या मोडत गेल्या, सारण सांडलं, बोटांना खालचा पत्रा लागला. तिनं हात चारी बाजूंनी फिरवला. अंडं नव्हतं. नंतर तिनं साड्यांच्या घड्याही चाचपल्या.

ज्ञानेश भिंतीकडं बघत होता. गोरक्ष दारात उभा होता, एक पाय चपलेत, एक बाहेर. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, “चल, योगिनी.” योगिनीनं डबा तिथंच ठेवला. जाताना ती सासूच्या पाया पडली, आणि नेहमीसारखं ‘चार दिवसांनी येते’ म्हणाली नाही.

चार दिवस झाले, आठ झाले. ज्ञानेशचा फोन ती उचलायची, ‘बरी आहे’ म्हणायची आणि ठेवायची. दिवाळीची मुदत संपली होती. येत्या गुरुवारी बदकं बाजारात न्यायचं चतुराबाईनं पक्कं केलं. पण त्या आठवड्यात तळ्याचं पाणी रोज वीतभर उतरायला लागलं. आता हे पाणी कोण चोरतंय? तिनं रावजीच्या पायपा तपासल्या, बांधाला दोन चकरा मारल्या. शेवटी ज्ञानेशनं तळ्याचा कागद जोडणाऱ्या राजूला बोलावलं. त्यानं काठावरूनच सांगितलं, कागद तळाशी फाटलाय, तळं रिकामं करावं लागेल. मोटर लावून उरलेलं पाणी द्राक्षबागेला सोडलं.

दुपारी पाणी गुडघाभर राहिलं आणि राजू तळ्यातून ओरडला, “मावशी, इथं तर अंड्यांचं पीक आलंय!”

चतुराबाई दोर धरून गोणपाटांवरून खाली उतरली. घाणीचा असा भपकारा आला की तिनं पदर नाकाला लावला. काळ्या कागदावर गाळाचा थर होता आणि त्या गाळात अंडीच अंडी होती. उताराच्या पायथ्याशी ओळीनं साचलेली, मधे दोन-दोन चार-चार, काही फुटलेली, काही शेवाळानं हिरवी झालेली. ती वाकून मोजायला लागली. दीडशेच्या पुढं तिनं मोजणं सोडलं. एवढी अंडी कुणी लपवत नाही. एवढी अंडी कुणी आणून टाकत नाही. आणि ती जिथं जास्त होती, तिथंच तर रोज साडेपाचला खुराड्यातून सुटलेली बदकं पहिली बुडी मारायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुलूप काढलं नाही. बदकांनी कालवा करून मळा डोक्यावर घेतला, तरी ती दारात पोतं टाकून बसून राहिली. सहा वाजले, सात, आठ. नऊला तिनं दार उघडलं. पेंढ्यात ठिकठिकाणी अंडी होती. ती अकरा होती.

चतुराबाई त्या पेंढ्यातच बसली. योगिनीनं जात बरोबर निवडली होती. वेळही बरोबर सांगितली होती; बदक कोंबडीसारखं अंडं द्यायला परत येत नाही, असेल तिथं पाण्यातच टाकतं. घरातली सात-आठ अंडी रोज पाण्यात घालणारं माणूस सगळ्या जगात एकच होतं, आणि त्याच्यावर तिनं एकदाही नजर ठेवली नव्हती. तिला लाज वाटली. ती कुणापुढं बोलून दाखवायची सवय नसल्यामुळं ती लाज छातीतच अडकून राहिली.

तिनं ज्ञानेशलाही सांगितलं नाही. लुगडं बदललं आणि एकटीच निघाली. नाशिकला द्वारकेवर उतरून रिक्षा केली. रिक्षावाला लांबून फिरवतोय का, हे बघायचंही ती विसरली. दिंडोरीच्या गाडीत बसल्यावर तिनं मनाशी वाक्यं जुळवून पाहिली, पण एकही धड जुळेना. योगिनी परत आलीच नाही तर, या एका विचारावर ती पुन्हापुन्हा येऊन थांबत होती.

विहीणबाईंनी पाणी दिलं आणि त्या चुलीकडं गेल्या. योगिनी समोर भिंतीला टेकून बसली.

“अंडी तळ्यात सापडली,” चतुराबाई म्हणाली. “सगळी. लय होती.”

योगिनीला आश्चर्य वाटलं नाही. “मला ठाऊक होतं.”

“कधीपासून?”

“दसऱ्याच्या आधीपासून. एक वर तरंगत होतं, तुम्ही काठीनं फेकलं. दारातून बघितलं मी. तेव्हाच कळलं.”

“मंग बोलली का नाय गं? मला एका शब्दानं सांगायचं व्हतं.”

“सांगितलं असतं, आत्याबाई. अंडी तळ्यात आहेत म्हटलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?”

चतुराबाईनं तोंड उघडलं. उत्तर तर जिभेवर तयारच होतं, जणू आताच कुणी विचारलं असावं. ते तिनं स्वतःच्याच कानांनी ऐकलं आणि तिची मान खाली गेली.

“म्हटलं असतं, तूच टाकली.”

“म्हणून नाही सांगितलं.”

 आत चहा उकळल्याचा वास आला. “माझं चुकलं,” चतुराबाई म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तो तिचाच आहे हे तिला खरं वाटेना. “घरी चल, बाई.”

योगिनीचे डोळे भरून आले होते, पण ती उठली नाही. “माझ्याशी बोललात, बरं झालं. पण तुम्ही तो डबा दादाच्या समोर उपसला होता. त्या दिवसापासून तो इथं धड जेवत नाही. हे त्याच्या समोर बोला. तो मळ्यात गेलाय, दिवे लागायच्या वेळेला येईल.”

नाशिकची गाडी साडेचारला होती आणि तिच्यानंतर गावाकडं जायला काही मिळालं नसतं. चतुराबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराकडं तोंड करून बसून राहिली.